त्या दिवशीचं तातडीचं काम

"मोठ्या दुःखाला आवाज नसतो," मामांनी जाहीर केलं. "जगातली सगळी खरी दुःखं मुकी असतात. लिहून घ्या."

एवढं बोलून ते खुर्चीत मागे रेलले आणि खुर्ची अशी काही किंचाळली, की दारातून येणाऱ्या वहिनीच्या हातातला चहा बशीत उतरला.

खुर्चीचा दोष नव्हता. ती आवाजासाठीच पाळलेली होती. बुडणारी जहाजं, फाशीची तख्तं, झपाटलेल्या माड्या, सगळ्यांना तिनंच कंठ दिला होता. 'या खुर्चीवर बसू नये' अशी पुठ्ठ्याची पाटीही तिच्यावर होती. मामांनी ती पाठीशी घेतली होती, कारण कमरेला आधार बरा मिळत होता.

"लिहायची गरज नाही," काचेपलीकडून मधल्याचा आवाज स्पीकरमधून आला. "रेकॉर्ड झालंय. खुर्चीसकट."

मामा निवृत्त मुख्याध्यापक होते आणि समोर वर्ग नसला तरी त्यांचं काही अडत नसे. आज तर चांगला भरलेला वर्ग होता. काचेआड मधला, चहा घेऊन वहिनी, पडद्यापाशी हाताची घडी घालून धाकटी आणि खडीच्या चौकोनाशेजारी स्टुलावर आई. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, वारल्यापासून हे सगळे एका छताखाली पहिल्यांदाच येत होते. मागचा प्रयत्न कपाटाच्या वाटणीवरून फिसकटला होता. त्यात कोणाला कपाट नको होतं, हीच तर पंचाईत होती.

रविवारची दुपार होती. घराच्या मागच्या अंगाला, जिथं इतर लोक गाडी ठेवतात, तिथं या घराचा स्टुडिओ होता. जमिनीत चौकोनी खळगे पाडलेले. एकात वाळू, एकात खडी, एकात सुकी पानं, पुढे लाकडी फळ्या, फरशी, सिमेंट. भिंतीशी चपलाबुटांच्या मांडण्या थेट छतापर्यंत. मधोमध एक दार. नुसतंच दार, चौकटीसकट. पुढे खोली नाही, मागे खोली नाही, पण कड्या, अडसर आणि कुलपं एवढी, की चोरानं हात जोडावेत. चित्रीकरणाच्या वेळी नटाच्या पायांचा आवाज नीट येत नाही. मग कोणीतरी अंधारात उभं राहून, पडद्यावर डोळा ठेवून, हुबेहूब तसंच चालावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे आई. नाजूक नायिका ठुमकत गेल्या त्या आईच्या टाचांवर. एका युद्धपटात तर दोन्हीकडचं पायदळ ती एकटीच होती, आणि ती जिंकलीही. खलनायकांनी खाल्लेल्या चपराका प्रत्यक्षात मधल्याच्या मांडीनं खाल्ल्या होत्या. मिठीचा आवाज मात्र ती एका जुन्या लोकरी कोटाला कवटाळून काढायची. त्या कोटाचा तिन्ही मुलांना लहानपणी फार हेवा वाटायचा.

दाराबाहेर लाल दिवा होता. तो लागला, म्हणजे आत टेकचं रेकॉर्डिंग सुरू झालं, की स्टुडिओच नव्हे तर अख्खं घर जिथल्या तिथं थिजायचं, कारण स्वयंपाकघराची भिंत स्टुडिओला चिकटून होती. घास तोंडात असला तर तोंडातच राहायचा. या घरातली माणसं अजूनही शिंकताना आवाज करत नाहीत. नाक दाबतात, डोळे वटारतात आणि शिंक आल्या वाटेनं परत पाठवतात. वहिनीला लग्नानंतर पहिले काही महिने वाटत होतं, की नवऱ्याला काहीतरी गंभीर आजार आहे.

धाकटीनं या घरावरच सिनेमा काढला होता. मुलगा गेल्यावरही जिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही अशा आईचा सिनेमा. तो पुरा झाला होता, फक्त पावलं राहिली होती. ती दुसऱ्या कोणाकडूनही करून घेता आली असती. पण धाकटीला आईच हवी होती. मधल्याला तिनं सांगितलं होतं, की आईइतकं चांगलं कोणी करत नाही. वहिनीला तिनं खरं सांगितलं होतं: आईला हा सिनेमा पाहावा लागेल. पाहताना तरी ती काही बोलेल. थोरल्याला पोचवून आल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसलेले असताना ही बाई उठून स्टुडिओत का गेली आणि लाल दिवा लावून संध्याकाळपर्यंत काम का करत बसली, एवढंच तिला आईच्या तोंडून ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय सिनेमा लोकांपुढे ठेवायचा तिला धीर नव्हता.

"लावू का?" मधल्यानं विचारलं.

"लाव," आई म्हणाली. "आणि दादालोकांनी हलू नये."

दादालोक म्हणजे मामा. ते तिच्यापेक्षा लहान होते, पण मोठेपणाची त्यांना हौस होती.

दिवे मालवले. पडद्यावर एक स्वयंपाकघर उजळलं. एक उंच, देखणी, थंड चेहऱ्याची बाई मटार सोलत होती.

"ही माझ्याहून उंच आहे," आई म्हणाली.

"आई, नटी आहे ती."

"असू दे की. चांगली आहे. टाच आधी टेकवते. मी चवडा टेकवते, पण ते पायांचं मी बघून घेईन." आई पुढे वाकली. "थांब. मागे घे. अजून मागे. ह्या बाईनं माझ्या सपाता घातल्यात!"

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. "पोशाखासाठी घेतल्या होत्या. खऱ्या वस्तूनं फरक पडतो."

"मी पलंगाखाली शोधल्या. कपाटावर शोधल्या. कुत्र्याशी अबोला धरलाय मी त्यापायी. त्याला आत येऊ देत नाही."

"अगं, मला काय माहीत तू कुत्र्याशी..."

"तो बिचारा समोर येऊन शेपूट हलवायचा आणि मी म्हणायचे, बघा कसा साळसूद!"

काचेआड मधल्यानं तोंडावर हात धरला. तो हसला, की त्याचे खांदे हलत. आवाज अर्थातच येत नसे. मधल्याला काचेआडची जागा फार प्रिय होती. भिंगांएवढ्या जाड दोन काचा, मध्ये हवा, आणि बोलायचं असेल तर बटण दाबा. घरातल्या भांडणात त्याचं मत कोणी विचारलं तर तो बटण दाबायला विसरायचा. तो ओठ हलवायचा, प्रत्येकाला वाटायचं आपल्याच बाजूनं बोलतोय.

सिनेमा पुढे सरकला. मामा पडद्यावर आले, आणि खरे मामा सरसावून बसले. खुर्चीनं जहाज बुडवलं.

"हा मी?"

"तूच, मामा."

"हा तर भरपूर केसांचा आहे." मामांनी डोक्यावरून हात फिरवला. सकाळपासून ते आईच्या बाजूचे होते. घरातली धुणी पडद्यावर वाळत घालू नयेत, असं एक भाषणही त्यांनी तयार ठेवलं होतं. "हे बघ ताई, कलेच्या बाबतीत आपण जरा मोठ्या मनानं घेतलं पाहिजे. मुलीनं मेहनत घेतली आहे. निरीक्षण आहे तिचं."

"टक्कल आहे तुला," आई म्हणाली.

"बाह्य गोष्टी आहेत त्या."

मग तो दिवस आला. पडद्यावर पुढची खोली माणसांनी भरली होती. कोणी बोलत नव्हतं. उंच बाई उठली, सगळ्यांच्या मधून चालत गेली, तिनं मागचं दार उघडलं, आणि दारावर लाल दिवा लागला. कॅमेरा त्या दिव्यावर थांबला. पुष्कळ थांबला.

वहिनी पडद्याकडे बघत नव्हती, सासूकडे बघत होती. वहिनी दातांची डॉक्टर होती. ज्यांना उत्तर देता येत नाही अशांना प्रश्न विचारण्यात तिचा दिवस जात असे, त्यामुळे माणसाचा चेहरा वाचायची तिला सवय होती. त्या दिवशी ती त्या पुढच्या खोलीत होती. पाणी कोणी द्यायचं हेही कळत नव्हतं, आणि सासूबाई कामावर गेल्या होत्या. मधल्यानं येऊन हलक्या आवाजात सांगितलं होतं, "तातडीचं काम आहे. उद्याच द्यायचंय." ते वाक्य पुढे नातेवाइकांत फार फिरलं. मामांनी तर ते तीन वेगवेगळ्या गावांत सांगितलं, दरवेळी काम थोडं अधिक तातडीचं करून. वहिनीनं ते वाक्य कोणाला सांगितलं नाही. तिनं ते ठेवून घेतलं होतं. आता अंधारात लाल उजेडातला सासूचा चेहरा तिला दिसत होता, आणि तिथं तिला काहीही वाचता येत नव्हतं.

"दिव्याला आवाज नसतो," आई म्हणाली. "इथं माझं काही काम नाही. पुढे."

धाकटीनं हाताची घडी सोडली. "एवढंच?"

"दाराची कडी मी करीन. पितळी घेऊ, लोखंडी फार मोठ्यानं बोलते."

"आई, मी कडीबद्दल विचारत नाहीये."

"मला कडीबद्दलच कळतं."

यावर मामांनी बोलायला तोंड उघडलं आणि खुर्चीची आठवण होऊन मिटलं.

काम सुरू झालं. आई फरशीवर उभी राहिली. घरात घालायच्या सपाता हव्या होत्या आणि त्याच नेमक्या घरात नव्हत्या, म्हणून तिनं मांडणीवरून कोणा विस्मृतीत गेलेल्या नायिकेच्या काढल्या. ती चालायला लागली, तसे सगळे गप्प झाले. पडद्यावरची उंच बाई पाय उचलायची आणि आईचा पाय खाली यायचा. वय, गुडघे, सकाळची पाठदुखी, सगळं जाऊन तिथं फक्त चालणं उरलं. मटार स्टीलच्या भांड्यात पडले, एकदा ओले, एकदा कोरडे. भांड्याला ओट्याची कड लागली. धाकटीला नको असतानाही तिचा राग जरा उतरला. तिनं ही बाई कॅमेऱ्यातून इतके महिने बघितली होती, पण आज ती पहिल्यांदा खोलीत आल्यासारखी वाटली.

मग तो प्रसंग लागला. रविवारी थोरला आईला भेटायला येतो. लहानपणी मोडलेला डावा पाय जरासा ओढत येतो, सरळ स्वयंपाकघरात शिरतो, "आई" म्हणतो. ती मटार सोलत राहते. वळत नाही. तो थोडा वेळ थांबून निघून जातो.

आईनं पाहिलं. स्टुलावर बसली. नायिकेच्या सपाता काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे मी करणार नाही."

"काय?"

"त्याची पावलं. दुसऱ्या कोणाकडून करून घे."

"वा!" धाकटीचा आवाज चढला. आवाज चढवायची सवय नसल्यामुळे तो मध्येच फाटला. "स्वतःची केलीस. मटाराची केलीस. आणि त्याची नाही?"

"नाही."

"का? हे खोटं आहे का? तो यायचा तेव्हा तू वळून बघायचीस?"

"नव्हते बघत."

"मग?"

"कशाला वळायचं?" आईनं खरोखरच न कळून विचारलं. "तो गल्लीच्या तोंडाशी असला की कळायचं मला. फाटक उघडायच्या आधी मी चहाचं पाणी ठेवलेलं असायचं. आलेल्या माणसाला 'आलास का' काय विचारायचं? आलेलाच असतो तो."

"बघ वहिनी! हे असं. आयुष्यभर हेच. आम्हाला कधी जवळ घेतलंस तू? त्या कोटाला घेत होतीस!"

"कोट हलत नाही," आई म्हणाली. "तुम्ही वळवळायचात."

"ताई," मामा गंभीर झाले, "एक भाऊ म्हणून मी..."

"तू गप्प बस. केसाळ."

"नाही, आज बोलायलाच हवं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, दाढ काढायच्या आधी असतो तसा. "आई, मी आजवर विचारलं नाही. आज विचारते. तुम्ही त्याची पावलं करणार नाही म्हणता. ठीक आहे. पण त्या दिवशी दुसऱ्या कोणाची तरी पावलं करायला तुम्ही उठून गेलात. तो गेला त्याच दिवशी. कोण होतं ते? कोणाचं एवढं अडलं होतं?"

आईनं नायिकेच्या सपाता पुन्हा एका रेषेत लावल्या. खोलीत कोणीच बोललं नाही, आणि या घरातली माणसं न बोलण्यात पटाईत असल्यामुळे ते बरंच चाललं.

स्पीकरमध्ये खट् झालं. बटण दाबल्याचा आवाज.

"कोणाचंच नव्हतं," मधला म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस," आई म्हणाली.

"काम नव्हतंच, वहिनी. ते मी सांगितलं. आई म्हणाली, बाहेर काहीतरी सांग. मला दुसरं काही सुचेना. तातडीचं काम आहे म्हटलं, की लोक प्रश्न विचारत नाहीत, एवढंच मला धंद्यातलं माहीत."

धाकटी काचेकडे वळली. "मग संध्याकाळपर्यंत आत काय करत होतात?"

"काच बंद कर," आई म्हणाली.

"आई, ही खिडकी नाहीये. बंद होत नाही." मधला उठून उभा राहिला होता, पण बटणावरचं बोट त्यानं काढलं नाही. "चालत होती ती. आपल्या दादासारखं. इथून तिथं, तिथून इथं. त्याचे बूट घालून, मग बाबांचे मागे राहिलेले, मग चपला, मग अनवाणी. फळीवर, फरशीवर, खडीवर. मला म्हणाली, आत्ता रेकॉर्ड करू नकोस, जमलं की सांगते. आणि जमलंच नाही. मी दिवा घालवायला विसरलो, आणि तुम्ही सगळे बाहेर त्याच्याकडे बघत बसलात."

वहिनीनं हातातला कप खाली ठेवला. तो कुठं ठेवला हे तिला कळलं नाही, वाळूत ठेवला.

आई आपल्या पावलांकडे बघत होती. कारागिरानं बिघडलेल्या हत्याराकडे बघावं तसं.

"पायाची ओढ जमली," ती म्हणाली. "वजनही जमलं. वळताना तो बुटाची कड घासायचा, तेही आलं. पण तो नव्हता. दुसराच कोणीतरी येत होता. कोणी परका माणूस. आणि माझ्या घरात शिरत होता. म्हटलं, आज नाही जमलं तर पुढे मुळीच जमणार नाही. आवाज राहत नाही डोक्यात. दिसणं राहतं, फोटो असतात. आवाज आधी जातो. म्हणून गेले. मी राण्या चालवल्या, खुनी चालवले, पलटणी चालवल्या. पोटच्या पोराला चालवता येईना, हे काय बाहेर येऊन सांगायचं होतं सगळ्यांना?"

धाकटीला काही तरी म्हणायचं होतं. गेलं वर्षभर ती या उत्तराची वाट बघत होती. उत्तरानंतर काय बोलायचं याची तयारी तिनं केलेली नव्हती.

बोलली ती वहिनी. पण तीही वेगळंच काही बोलली.

"तुम्ही थांबलात का?"

"कुठे?"

"दाराशी. तो सरळ आत यायचाच नाही, आई. सिनेमातही ते चुकलंय, मी मघाशीच म्हणणार होते. दाराशी येऊन थांबायचा तो. तुमच्याच नाही, आमच्याही. किल्ली हातात, श्वास धरून. मी आतून विचारायचे, 'अरे, येतोस ना?' तर हसायचा. म्हणायचा, 'टेक चालू असेल तर?' आमच्या घरात कसला टेक? आमच्याकडे घड्याळसुद्धा टिकटिकत नाही. पण लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत, आधी वर बघायचा, दिवा लाल आहे का. मग आत."

"दवाखान्याच्या दारातही बघायचा तो," मधला स्पीकरमधून म्हणाला. "मीही बघतो. माझ्या लक्षात नव्हतं आलं. मीही बघतो वर."

धाकटीनं मान खाली घातली. तिला आठवलं, की स्वतःच्या फ्लॅटच्या दारावर तीही बघते. तिनं सिनेमात सगळं घातलं होतं, दिवा, सपाता, मटार, फक्त हे नव्हतं घातलं, कारण हे विचित्र आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"थांबायचा," आई म्हणाली. स्वतःशीच. "हो. थांबायचा. आवाज बंद व्हायचा दाराशी." मग वहिनीकडे बघून: "मला वाटायचं, आत यावंसं वाटत नाही त्याला. म्हटलं, ज्याला यायचं नाही त्याच्याकडे वळून बघून त्याची पंचाईत कशाला करा."

यावर मामांजवळ खरोखरच एक चांगलं वाक्य होतं. त्यांनी ते गिळलं. निवृत्तीनंतरची त्यांची ही सर्वांत मोठी कामगिरी समजायला हरकत नाही.

आई उठली. "थांबायचा म्हणजे किती?"

"मोजलं नाही मी," वहिनी म्हणाली.

"श्वास धरून म्हणालीस. म्हणजे एक श्वास."

"एक. आणि थोडा उरलेला."

"बरोबर. थोडा उरलेला." आई मांडणीपाशी गेली. तिनं थोरल्याचे बूट शोधले नाहीत. हाताला आले ते कोणाचे तरी पुरुषी बूट घेतले, त्यात पाय सरकवले. "पडद्यावर कुठं बसवणार हे? तुझा तो पोरगा तर धाडकन आत येतो."

धाकटी भानावर आली. कामाचा प्रश्न होता, आणि कामाच्या प्रश्नाला या घरात प्रत्येकाला उत्तर देता येत असे. "तो शॉट अलीकडून लाव," ती मधल्याला म्हणाली. "मी 'ॲक्शन' म्हणायच्या आधीपासून. कॅमेरा चालू होता, नटी नुसती पाठमोरी उभी होती, माझी वाट बघत. तो भाग मी कापला होता."

पडदा उजळला. उंच बाई पाठमोरी. हातात मटाराची शेंग, पण सोलत नाही. हात थांबलेले, मान किंचित कललेली. ती दिग्दर्शिकेच्या हाकेची वाट बघत होती, पण पडद्यावर ती हाक कुठं दिसत होती? दिसत होतं ते एवढंच, की ती ऐकते आहे.

"असंच," आई म्हणाली. "मी अशीच उभी असायचे." मग काचेकडे बघून: "दिवा लाव. कोणी श्वास घेऊ नका."

दिवा लागला तेव्हा मामा नेमके उठायच्या बेतात होते. धड बसले नव्हते, धड उठले नव्हते. खाली टेकावं तर खुर्ची बोलणार, उभं राहावं तर खुर्ची बोलणार. मुख्याध्यापकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि तसेच अधांतरी राहिले.

आई खोलीच्या टोकापासून निघाली. सिमेंट, मग खडी, मग फरशी. डावा पाय जरासा मागे राहणारा, मग स्वतःच लाजून पुढे येणारा. बुटाची कड घासली. ती त्या दारापाशी आली, ज्याच्या पुढेही खोली नव्हती आणि मागेही नव्हती.

आणि थांबली.

आयुष्यभर ती दिव्याच्या आतल्या बाजूला होती. बाहेरून तो कसा दिसतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मान वर करून पाहिलं. तिथं दिवा नव्हताच, नुसती चौकट होती. पण एवढा वेळ उभं राहिल्यावर आतल्या माणसाबद्दल काय वाटतं, ते तिला कळलं. राग येत नाही. त्याचं चाललेलं काम मोडायला नको, एवढंच वाटतं.

पडद्यावरची बाई पाठमोरी उभी होती. वहिनीनं डोळे मिटले होते. मामांचे गुडघे लटपटत होते, कपाळावरून घाम ओघळत होता, पण खुर्ची गप्प होती. धाकटीच्या नाकाशी रडू आलं. तिनं नाक दाबलं, डोळे वटारले आणि ते आल्या वाटेनं परत पाठवलं. घरातली शिस्त होती.

एक श्वास. आणि थोडा उरलेला.

मग आईनं कडी सरकवली, पितळी, आणि पाऊल आत टाकलं.

वहिनी म्हणाली, "आला." फार हळू म्हणाली, पण मायक्रोफोन चांगला होता.

मधल्यानं टेक थांबवला. चांगला झाला हे सांगायला त्यानं बटण दाबलं, आणि काही न बोलताच सोडलं. मामा कोसळले, खुर्चीनं एकाच वेळी जहाज, तख्त आणि माडी, तिन्ही केलं, आणि कोणी हसलं नाही. वहिनी वाळूतला कप शोधू लागली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

धाकटी आईपाशी गेली. ती अगदी जवळ जाऊन उभी राहिली, कोटाएवढी जवळ, आणि हलली नाही. मुळीच वळवळली नाही. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा कसा आहे ते बघितल्यासारखा थोडा दाबला. तो तिनं काढला नाही. सगळे बघत होते. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता आई काहीतरी बोलणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

"बाहेर कुत्रा उभा आहे," आई म्हणाली. "मघापासून दाराशी थांबलाय, नखं वाजली त्याची. त्याला आत घे."

"घेते," धाकटी म्हणाली.

"आणि एक बिस्किट दे. तूच दे. माझ्या हातून घ्यायचा नाही तो, आमचं बोलणं नाहीये."